जुनाट वेदनेत हालचाल किती आणि कशी करावी

पाय मुरगळला, जखम झाली किंवा हाड मोडले, तर त्या भागाला काही काळ विश्रांती द्यावी हे योग्यच आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली कंबरदुखी, गुडघेदुखी, मानदुखी किंवा अंगभर पसरलेले दुखणे यांना मात्र तोच नियम लावला की बहुधा अपाय होतो. दुखते म्हणून माणूस कमी चालतो, कमी चालल्याने स्नायू दुबळे होतात, दुबळ्या स्नायूंना रोजची साधी कामेही जड जातात आणि मग पूर्वीपेक्षा कमी श्रमातही दुखू लागते. या फेऱ्यातून बाहेर पडण्यासाठी फिजिओथेरपी आणि नियमित हालचाल यांचा उपयोग कसा करून घ्यावा, हे येथे सांगितले आहे.

त्यातील एक गोष्ट इतर सर्वांहून महत्त्वाची वाटते, म्हणून ती आधीच मांडली पाहिजे. बहुतेक जण दुखेपर्यंत काम करतात आणि दुखले की थांबतात. म्हणजे किती हालचाल करायची हे त्यांच्या वतीने दुखणेच ठरवते. ते तसे ठरू देऊ नये. हालचालीची मात्रा आपण आधी, शांत डोक्याने, आकड्यांत ठरवावी; बरे वाटणाऱ्या दिवशी ती ओलांडू नये आणि थोडे दुखणाऱ्या दिवशी ती सोडू नये. पुढे जे काही येईल तो बव्हंशी याच नियमाचा तपशील आहे.

विश्रांतीने का भागत नाही

कंबर धरली की आठवडाभर अंथरुणात पडून राहा, असे डॉक्टरही एके काळी सांगत असत. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांच्या एका गटाला दोन दिवस आणि दुसऱ्या गटाला सात दिवस पडून राहण्यास सांगण्यात आले. सात दिवसांच्या विश्रांतीने बरे होण्यात काही भर पडली नाही, कामावरची गैरहजेरी मात्र वाढली. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथील अभ्यासाने त्याच्याही पुढची गोष्ट दाखवली. अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत अंथरुणावर विश्रांती घेणारे, कमरेचे खास व्यायाम करणारे आणि झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे अशा तीन गटांपैकी तिसरा गट सर्वांत चांगला सुधारला आणि विश्रांती घेणारा गट सर्वांत सावकाश. दुखणे अगदी नवे असताना एखादा नामी व्यायाम शोधत बसण्यापेक्षा नेहमीचा दिनक्रम शक्य तेवढा चालू ठेवणेच अधिक हिताचे असते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

यामागची कारणे शरीराच्या रचनेतच आहेत. सांध्यातील हाडांच्या टोकांवर असलेल्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो, त्यावर भार येतो आणि उतरतो, तेव्हा सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते. म्हणून चालल्याने सांधा आणखी झिजेल या भीतीपोटी चालणेच सोडून देणे हे त्या सांध्याच्याही हिताचे नसते. स्नायूंची हानी तर फार झपाट्याने होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी सुमारे १ किलोने घटले. हे लोक आजारी नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे दुखण्यामुळे महिनोन्महिने बसून राहिलेल्या माणसाची काय अवस्था होत असेल याची कल्पना येते.

तिसरे कारण मज्जासंस्थेशी निगडित आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतापासून हे मान्य होत गेले की, शरीराच्या एखाद्या भागातून निघालेले वेदनेचे संदेश जसेच्या तसे मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. मज्जारज्जूमध्ये त्यांचा जोर कमी किंवा जास्त केला जातो आणि त्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो. दुखणे दीर्घकाळ टिकले की ही यंत्रणा हळवी होते आणि साधा स्पर्श, वाकणे किंवा थोडेसे चालणे यांनीही वेदना उमटू लागते. ही वेदना पूर्णपणे खरी असते, आणि तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी रुग्णांचे फार नुकसान केले आहे. मात्र जितके जास्त दुखते तितकी आत जास्त इजा होत आहे, हा हिशेब येथे लागू पडत नाही.

तपासणीच्या अहवालांबाबतही असेच सावध राहावे लागते. कंबरदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहणारा एक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या विसाव्या वर्षी ३७ टक्के आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गाद्यांची झीज झालेली दिसली. एमआरआयच्या अहवालातील ‘झीज’ हा शब्द वाचून ज्यांनी वाकणे, उचलणे आणि चालणे सोडून दिले आहे, त्यांनी हे आकडे आपल्या डॉक्टरांसमोर ठेवून आपल्या अहवालाचा अर्थ पुन्हा एकदा समजावून घ्यावा.

नियमित हालचालीने ही हळवी झालेली यंत्रणा हळूहळू निवते. व्यायाम करताना शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते आणि निरोगी माणसाला त्याचा परिणाम पहिल्याच दिवशी जाणवू शकतो. जुनाट वेदना असलेल्यांमध्ये हा प्रतिसाद मंद असतो, काहींमध्ये तर सुरुवातीला व्यायामाने दुखणे वाढतेच. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हलके वाटले नाही म्हणून अनेकांनी व्यायाम सोडलेला असतो. तो सोडण्याची ती वेळ नव्हे.

आधी डॉक्टरांकडे कोणी जावे

हा भाग कोणीही गाळू नये. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, गुप्तांगाच्या आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही कंबरदुखीबरोबर उद्भवले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. मणक्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा दाबला जात असेल तर उपचारांतील विलंबाने कायमचे नुकसान होऊ शकते. दुखण्याबरोबर ताप असणे, कारण नसताना वजन उतरणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडल्यानंतर दुखणे सुरू झालेले असणे, हाडे ठिसूळ असणे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले असणे, एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे आणि रात्री कुशी बदलूनही न थांबणारे दुखणे, या सर्वांत व्यायामाआधी निदान हवे. चालताना छातीत दाटून येत असेल, तर त्याचा विचार सांध्यांच्या आधी करावा लागतो.

आणखी एका गटाचा उल्लेख सहसा राहून जातो. थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी ज्यांचा थकवा, दुखणे आणि डोक्यातील धूसरपणा एकदम बळावतो आणि कित्येक दिवस उतरत नाही, त्यांना क्रॉनिक फटीग सिंड्रोम असू शकतो. ठरावीक गतीने व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत या आजारात वापरू नये, असे ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. अशा व्यक्तींनी पुढील भाग आपल्याला लागू करू नये. त्यांच्यासाठी आपल्या शक्तीच्या मर्यादेत राहण्याचे नियोजन निराळे असते.

फिजिओथेरपिस्टच्या पहिल्या भेटीत

या भेटीला जाताना दुखण्याचे वर्णन जेवढे तयार ठेवाल, त्याहून अधिक तयारी एका प्रश्नाच्या उत्तराची करावी: दुखण्यामुळे आयुष्यातून काय निसटले आहे? ‘दुखणे कमी व्हावे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्यावरून व्यायाम आखता येत नाही. ‘जिन्याचे दोन मजले न थांबता चढता यावेत’, ‘नातवाला जमिनीवरून उचलता यावे’, ‘एक तास खुर्चीत बसून काम करता यावे’ अशा उत्तरांवरून आखता येतो. दुखणे कोणत्या वेळी, कोणत्या हालचालीने वाढते आणि कशाने उतरते, झोप कशी लागते, कोणती औषधे चालू आहेत, आणि कोणती हालचाल करायची भीती वाटते, हेही लिहून न्यावे. शेवटचा मुद्दा सांगायला लोक संकोचतात, पण फिजिओथेरपिस्टच्या दृष्टीने तो फार मोलाचा असतो.

चांगला फिजिओथेरपिस्ट पहिल्या भेटीत बराच वेळ ऐकण्यात घालवतो, तुम्हाला चालायला, वाकायला, खुर्चीतून उठायला लावून पाहतो, स्नायूंची ताकद आणि सांध्याची हालचाल तपासतो आणि त्याला काय आढळले ते समजेल अशा भाषेत सांगतो. घरी करायचे व्यायाम तो मोजके देतो. दहा-बारा व्यायामांची लांबलचक यादी घरी गेल्यावर कोणी पाळत नाही, तीन-चार व्यायाम पाळले जातात. प्रत्येक व्यायाम त्याच्यासमोर एकदा करून दाखवावा आणि किती वेळा, आठवड्यातून किती दिवस, दुखले तर काय बदलायचे आणि पुढची पायरी कधी, हे विचारून लिहून घ्यावे. प्रत्येक भेटीत तुम्ही पलंगावर पडून आहात, तुमच्यावर केवळ यंत्रे लावली जात आहेत आणि कित्येक आठवड्यांनंतरही घरी काय करायचे हे कोणी सांगितलेले नाही, असे होत असेल, तर तसे स्पष्ट विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधावा.

सुरुवातीची मात्रा कशी काढावी

वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७०च्या दशकात जुनाट वेदनेच्या रुग्णांबाबत एक साधी गोष्ट दाखवून दिली. दुखेपर्यंत काम करून मग विश्रांती घेतली की विश्रांती हे दुखण्याचे बक्षीस ठरते आणि शरीर लवकर दुखायला शिकते. विश्रांती जर ठरलेले काम पूर्ण झाल्यानंतर घेतली, मग त्या वेळी दुखत असो वा नसो, तर हे नाते तुटते. आजही वापरली जाणारी मात्रेची पद्धत या विचारावर उभी आहे.

समजा, चालणे वाढवायचे आहे. लागोपाठ तीन दिवस नेहमीच्या वेगाने चालून पाहावे आणि दुखणे स्पष्टपणे वाढू लागेपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहून ठेवावे. एक दिवस १२, दुसऱ्या दिवशी ८ आणि तिसऱ्या दिवशी १० मिनिटे झाली असतील, तर सरासरी १० मिनिटे आली. या सरासरीतून पाचवा हिस्सा वजा करावा, म्हणजे ८ मिनिटे उरतात. हीच तुमची सुरुवातीची मात्रा. पहिला आठवडाभर रोज दोन वेळा ८ मिनिटे चालावे. एखाद्या दिवशी उत्साह वाटला आणि २० मिनिटे चालता आले असते, तरी ८ मिनिटे होताच थांबावे. एखाद्या दिवशी अंग जड वाटले तरी, तब्येत एरवी ठीक असेल तर, ८ मिनिटे पूर्ण करावीत, हवे तर वेग कमी ठेवून.

या सूचनेतील पहिला भाग लोकांना सर्वांत अवघड जातो. बरे वाटणाऱ्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकून टाकायची आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात घालवायचे, हा जुनाट वेदनेतील अगदी नेहमीचा क्रम असतो, आणि त्यात आठवड्याची एकूण हालचाल वाढत नाही, केवळ तिचे चढउतार तीव्र होतात. चांगल्या दिवशी वेळेवर थांबणे ही या पद्धतीतील खरी शिस्त आहे. त्यासाठी घड्याळाचा गजर लावावा. अंदाजावर विसंबू नये.

बसणे, उभे राहणे, भांडी घासणे, गाडी चालवणे, टंकलेखन करणे, यांनाही हीच पद्धत लागू पडते. ज्याला २५ मिनिटे बसल्यावर कंबर दुखू लागते, त्याने २० मिनिटांनी उठावे, दोन मिनिटे उभे राहून किंवा चालून पुन्हा बसावे. दुखण्याने उठवण्याआधी आपण उठायचे.

मात्रा कशी वाढवावी

एक आठवडा ठरलेली मात्रा नीट पाळली गेली, तर पुढच्या आठवड्यात साधारण एक दशांशाने वाढवावी. वरच्या उदाहरणात आठवड्याला एक मिनिट वाढवत गेले, तर बाराव्या आठवड्यात एका वेळी १९ मिनिटे, म्हणजे दिवसाकाठी ३८ मिनिटे चालणे होते. हा वेग फार मंद वाटेल. तो तसाच असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवले आहेत. परंतु त्याच सूचनांत हेही म्हटले आहे की अजिबात हालचाल न करण्यापेक्षा थोडीशी हालचालही हिताची असते. १५० मिनिटांचा आकडा हे दूरचे ठिकाण मानावे. पहिल्या महिन्यात तो डोळ्यांसमोर ठेवून स्वतःला दटावण्याची गरज नाही.

मध्यम श्रम ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही: चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागलेला असावा.

कोणता व्यायाम सर्वांत चांगला, असे सगळेच विचारतात. जुनाट कंबरदुखीत वेगवेगळ्या प्रकारच्या व्यायामांमधील फरक फारसा मोठा आढळत नाही. म्हणून जो तुम्हाला आवडेल, घरच्या घरी जमेल आणि सहा महिन्यांनीही चालू राहील, तोच तुमच्यासाठी चांगला. चालणे, पोहणे, सायकल, योगासने, ताय ची (सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम), यांपैकी काहीही चालेल. माझे मत विचाराल तर चालण्याच्या जोडीला ताकदीचा एखादा व्यायाम असायलाच हवा, कारण केवळ चालण्याने मांड्या आणि नितंब यांना पुरेसे बळ येत नाही, आणि उठणे, बसणे, जिना चढणे हे सगळे त्यांच्यावरच अवलंबून असते.

गुडघेदुखीसाठी खुर्चीतून उठण्याचा व्यायाम सर्वांत सोपा आणि उपयुक्त आहे. भिंतीला टेकवलेल्या, न घसरणाऱ्या खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, छाती पुढे झुकवून उभे राहावे आणि तीन आकडे मोजत सावकाश खाली बसावे. सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा किंवा खुर्चीवर उशी ठेवून तिची उंची वाढवावी. ताकद येईल तसा आधार कमी करावा आणि उशी काढावी. सहा ते आठ वेळा करून एक-दोन मिनिटे थांबावे आणि असे दोन किंवा तीन फेरे एक दिवसाआड करावेत. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढल्यासारखी वाटते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा अधिक चांगला वापर करू लागल्यामुळे वाढते. स्नायू प्रत्यक्ष भरायला त्याहून अधिक काळ लागतो, म्हणून स्नायू भरले की नाही यावरून निदान तीन महिने तरी व्यायामाची पारख करू नये. गुडघ्यांच्या बाबतीत वजनाचाही विचार करावा, कारण १ किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो, असे अभ्यासात आढळले आहे.

किती दुखले तर चालेल

अजिबात न दुखता व्यायाम करायचा, असे ठरवले तर जुनाट वेदनेच्या अनेक रुग्णांना कधी सुरुवातच करता येणार नाही. शून्य म्हणजे काही दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तितके तीव्र दुखणे, असे माप मनात धरावे. व्यायामाच्या वेळी दुखणे चार-पाचपर्यंत गेले, व्यायामानंतर उतरत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या पातळीवर आलेले असले, तर मात्रा योग्य आहे. सकाळी ते स्पष्टपणे वाढलेले असेल किंवा सांध्याला सूज आली असेल, तर मात्रा जास्त झाली. ती एक पायरी खाली आणावी, व्यायाम बंद करू नये. चालू असताना काय वाटते यापेक्षा दुसऱ्या दिवसाची सकाळ काय सांगते यावर अधिक विसंबावे.

टाचेच्या वरच्या जाड शिरेच्या, म्हणजे अकिलिस स्नायुबंधाच्या, जुनाट दुखण्याचे उदाहरण येथे बोलके आहे. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा रुग्णांना पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम बारा आठवडे रोज दोन वेळा करायला लावला, आणि तो करताना दुखले तरी चालू ठेवायला सांगितले. केवळ दुखणे असह्य झाले तरच थांबायचे होते. रुग्ण सुधारले आणि पुन्हा धावू लागले. दुखऱ्या शिरेला जपण्याऐवजी बेताने भार देण्याचा विचार त्यानंतर सर्वत्र रुजला.

नव्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी स्नायू ठणकतात, दाबल्यावर दुखतात आणि तीन-चार दिवसांत मोकळे होतात. तो स्नायूंना नव्या श्रमाची सवय होण्याचा भाग असतो आणि त्याची नेहमीच्या दुखण्याशी गल्लत करू नये. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या बाबतीत निराळी खूण पाहावी. व्यायामाने ही कळ पोटरीतून मांडीत आणि मांडीतून कमरेकडे सरकत असेल, तर कमरेत थोडे अधिक दुखले तरी ते बहुधा चांगले चिन्ह असते. ती खाली पावलाकडे पसरू लागली, मुंग्या किंवा बधिरपणा वाढला, तर तो व्यायाम थांबवून फिजिओथेरपिस्टला विचारावे.

भीती वाटणारी हालचाल

एकदा वाकताना कंबर धरली की पुढे कित्येक वर्षे माणूस वाकणेच टाळतो, पाठ ताठ ठेवून चालतो, श्वास रोखून उठतो. पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहिल्याने दुखणे वाढते आणि वाकणे धोक्याचेच आहे ही समजूत पक्की होत जाते. केवळ ‘घाबरू नका’ असे सांगून ही भीती जात नाही. ती पायरीपायरीने, करून पाहण्यानेच जाते.

टाळलेल्या हालचाली कागदावर लिहून त्यांना भीतीच्या चढत्या क्रमाने मांडावे आणि सर्वांत सोपीपासून सुरुवात करावी. वाकण्याच्या बाबतीत प्रथम पाठीवर झोपून दोन्ही गुडघे छातीशी घ्यावेत. मणक्याच्या दृष्टीने हेही वाकणेच आहे, पण त्याची भीती वाटत नाही. ते सहज जमू लागले की खुर्चीत बसून हात पावलांकडे न्यावेत, त्यानंतर उभे राहून हात गुडघ्यांपर्यंत, पुढे नडगीपर्यंत न्यावेत, आणि शेवटी जमिनीवरची हलकी वस्तू उचलावी. प्रत्येक पायरीआधी काय होईल असे वाटते ते लिहावे आणि नंतर प्रत्यक्षात काय झाले ते शेजारी लिहावे. श्वास मोकळा ठेवावा. घरातील माणसांनीही ‘वाकू नको, मी देतो’ असे पदोपदी म्हणणे थांबवले तर मोठी मदत होते. त्यामागे माया असते, पण त्यातून रुग्णाला आपले शरीर मोडके असल्याचा संदेश मिळत राहतो.

दुखणे उसळले की काय करावे

सर्व काही नीट पाळूनही मधूनच दुखणे उसळते. झोप नीट न होणे, सर्दी-ताप, मनावरचा ताण किंवा अचानक पडलेले काम, यांपैकी काही कारण कधी सापडते, कधी सापडत नाही. त्या दिवसासाठीची योजना बरे असताना लिहून ठेवावी, कारण कळा येत असताना विचार सुचत नाही. मात्रा निम्म्यावर आणावी, शून्यावर आणू नये: आठ मिनिटांच्या जागी चार मिनिटे चालावे, उभ्याने करायचा व्यायाम बसून करावा. कापडात गुंडाळलेला गरम पाण्याचा शेक १५ ते २० मिनिटे घ्यावा. बधिर असलेल्या भागावर मात्र शेक देऊ नये, तेथे भाजल्याचे कळत नाही. दोन-तीन दिवसांत दुखणे उतरू लागले की एका आठवड्यात पायरीपायरीने पूर्वीच्या मात्रेवर यावे. वर सांगितलेले एखादे धोक्याचे लक्षण नव्याने दिसले, किंवा दुखण्याचे स्वरूपच पार बदलले, तर मात्र उसळी समजून वाट पाहू नये.

पट्टे, यंत्रे, मालिश आणि गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रौढांच्या जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत रुग्णाचे शिक्षण, व्यायाम, मालिश व मणक्यावर हातांनी करायचे काही उपचार आणि बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यास मदत करणारा मानसोपचार, यांना स्थान आहे. कमरेचे पट्टे, कंबर ताणण्याचे उपचार, अल्ट्रासाउंडचा शेक आणि त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देणारे टेन्स हे यंत्र यांची शिफारस त्या करत नाहीत, आणि अफूजन्य वेदनाशामके नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे सांगतात. मालिश किंवा शेक यांनी अर्धा-एक तास हलके वाटत असेल, तर तो वेळ पडून राहण्यात न घालवता व्यायामासाठी वापरावा. वेदनाशामक गोळीचाही असाच उपयोग डॉक्टरांना विचारून करता येतो. कोणतीही गोळी, विशेषतः दीर्घकाळ चालू असलेली, व्यायाम सुरू केला म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. ती कमी करण्याचा क्रम डॉक्टरांनीच ठरवून द्यायचा असतो.

सुधारणा झाल्यानंतर

सुधारणा मोजताना दुखण्याचा आकडा रोज लिहीत बसू नये, त्याने लक्ष सतत दुखण्याकडेच लागून राहते. त्याऐवजी महिन्यातून एकदा आरंभी लिहिलेली उद्दिष्टे काढून पाहावीत: जिना चढताना आता किती वेळा थांबावे लागते, अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येते, सलग किती वेळ बसता येते. अनेकांच्या बाबतीत दुखणे फारसे कमी होण्याआधीच काम करण्याची शक्ती वाढलेली दिसते, आणि दुखणे त्यानंतर मागे हटते. काहींचे दुखणे पूर्ण जात नाही, तरी त्यांचे जगणे पुष्कळ मोकळे होते.

बरे वाटू लागले की व्यायाम सुटतो आणि काही महिन्यांत ताकद पुन्हा उतरते. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन दिवस आणि चालणे जवळजवळ रोज, एवढे तरी कायम ठेवावे. आजारपणामुळे किंवा प्रवासामुळे दोन आठवड्यांहून अधिक खंड पडला, तर जुन्या मात्रेच्या निम्म्यावरून पुन्हा सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत मूळ मात्रेवर यावे. ठरलेले सर्व नीट पाळूनही सहा ते आठ आठवड्यांत एकही उद्दिष्ट जवळ आले नाही, तर मात्रांची वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा जावे, म्हणजे व्यायाम बदलायचा, मात्रा बदलायची की निदानच पुन्हा तपासून पाहायचे, हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.